पेशीची उपासमार आणि पेशीचा मृत्यु

अन्न मिळेनासें झालें तर माणूस कांहीं दिवस तग धरतो आणि उपासमार फार लांबली तर मरतो, हें सांगावयास शास्त्रज्ञाची जरूर नाहीं. परंतु ज्या असंख्य सूक्ष्म पेशींचें आपलें शरीर बनलेलें आहे, त्यांपैकीं एखादीवर उपासमारीचा प्रसंग ओढवला म्हणजे ती काय करते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. दिव्यांतील तेल संपलें कीं ज्योत विझते, तशीच पेशीहि अन्न संपतांच विझून जात असेल, अशी आपली सहज समजूत होते. वस्तुस्थिति निराळी आहे. उपाशी पेशी प्रथम आपला खर्च कमी करते, घरांत काय शिल्लक आहे तें पाहते, जुनें सामान मोडून त्यावर दिवस काढते; आणि एवढें करूनहि निभाव लागत नाहीं असें झालें, म्हणजे पुष्कळदां ती ठराविक क्रमानें, आपल्याच आंतील यंत्रणेकडून, आपला शेवट करून घेते. जगावयाचें कीं मरावयाचें हें ठरण्याच्या या प्रसंगीं पेशी ज्या गोष्टींचा कानोसा घेते, त्यांत अमिनो आम्लांना फार वरचें स्थान आहे. त्यांच्या या कामगिरीसंबंधीं आज मी चार शब्द सांगणार आहें. विषय प्रयोगशाळेंतला वाटला, तरी लहान मुलांच्या एका भयंकर रोगावरील उपचार याच ज्ञानावर उभा आहे; आणि याच ज्ञानाचा भलता अर्थ लावल्यानें कांहीं रोग्यांचे घरच्या घरीं हालहि होतात. म्हणून तो प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम अमिनो आम्लें म्हणजे काय तें पाहूं. डाळी, दूध, अंडीं, मांस यांतून आपल्याला प्रथिनें मिळतात. पचनाच्या क्रियेंत या प्रथिनांचे तुकडे होत होत शेवटीं जे लहान लहान घटक उरतात, तीं अमिनो आम्लें. थोडक्या मुळाक्षरांच्या जुळणीनें जसे हजारों शब्द बनतात, तशीं २० अमिनो आम्लांच्या निरनिराळ्या जुळणीनें शरीरांतील हजारों प्रथिनें बनतात. या २० पैकीं ९ मोठ्या माणसाच्या शरीराला स्वतः तयार करतां येत नाहींत. तीं अन्नांतूनच यावीं लागतात. बाकीचीं ११ शरीर आपल्या आपण बनवूं शकतें. या सर्वांत आधीं जें शुद्ध स्वरूपांत माणसाच्या हातीं आलें, तें १८०६ सालीं पॅरिस येथें व्होकलँ व रोबिके या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं ॲस्परॅगस नांवाच्या भाजीच्या रसांतून वेगळें केलें. ही भाजी म्हणजे आपल्या शतावरीची युरोपांतली बहीण. भाजीवरूनच त्या आम्लाला ॲस्परॅजीन हें नांव मिळालें. श्रोत्यांनीं हें एवढें नांव ध्यानांत ठेवावें. पुढील हकीकतींत तेंच मुख्य पात्र आहे.

अमिनो आम्लें म्हणजे प्रथिनांच्या इमारतीच्या विटा, असें आपण शाळेंत शिकलों. तें खरें आहे, पण अपुरें आहे. समजा, एखाद्या गांवीं बाजाराच्या दिवशीं धान्याच्या गाड्या आल्याच नाहींत. त्यामुळें त्या दिवशीं लोकांना धान्य मिळत नाहीं, ही एक गोष्ट झाली. परंतु गाड्या न येणें ही एक वार्ताहि असते. पुढचे दिवस कठीण आहेत हें तिच्यावरून शहाणीं माणसें ओळखतात. घरांत पोतें शिल्लक असलें तरी त्याच दिवसापासून हात आंखडता घेतात, बांधकाम थांबवितात, लग्न पुढें ढकलतात. पेशींतहि असेंच घडतें. अमिनो आम्ल आलें म्हणजे वीट आली, आणि तें आलें नाहीं म्हणजे वार्ता आली. ही वार्ता वाचण्यासाठीं पेशीजवळ दोन मुख्य साधनें आहेत.

त्यांतील पहिल्याचा शोध मोठ्या आडवाटेनें लागला. पॅसिफिक महासागरांत रापा नुई, म्हणजेच ईस्टर आयलंड, नांवाचें एक एकाकी बेट आहे. १९६४ सालीं कॅनडांतून निघालेल्या एका वैद्यकीय मोहिमेनें तेथील मातीचे नमुने आणले. त्या मातींतील एका जंतूपासून माँट्रिऑल येथील एका औषधी प्रयोगशाळेंत एक द्रव्य निघालें, आणि १९७५ मध्यें तें प्रसिद्ध झालें. बेटाच्या नांवावरून त्याला रापामायसीन म्हणतात. या कामांत मूळचे भारतीय असलेले संशोधक सुरेंद्रनाथ सेहगल यांचा मोठा वांटा होता. हें द्रव्य पेशींतील नेमकें कशावर आघात करतें याचा शोध करतांना १९९१ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें यीस्टच्या पेशींत एक प्रथिन सांपडलें. तेंच पुढें ‘टॉर’ या नांवानें प्रसिद्ध झालें. टॉर हा पेशीचा जणुं कारभारी आहे. अमिनो आम्लें भरपूर असलीं म्हणजे तो जागा असतो आणि ‘बांधा, वाढा’ असा हुकूम सोडतो. तीं कमी पडलीं कीं तो गप्प होतो आणि बांधकाम थांबतें. ल्यूसीन व आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांची खबर त्याच्यापर्यंत पोंचविणारीं स्वतंत्र प्रथिनें आहेत, हेंहि २०१६ च्या सुमारास उघडकीस आलें. म्हणजे एकूण साठा किती यापुरतीच ही चौकशी नसते. कोणतें आम्ल आहे आणि कोणतें नाहीं, याचीहि नोंद ठेवली जाते.

दुसरें साधन याहून साधें आहे. प्रथिनें बांधण्याच्या जागीं अमिनो आम्लें वाहून नेणारे लहान रेणु असतात. त्यांना आपण हमाल म्हणूं. प्रत्येक आम्लाचे हमाल ठरलेले. एखादें आम्ल संपलें कीं त्याचे हमाल रिकाम्या हातांनीं हिंडूं लागतात. जी-सी-एन-२ नांवाचें एक प्रथिन अशा रिकाम्या हमालांवर नजर ठेवून असतें. ते दिसूं लागतांच तें पेशींतील प्रथिनांची सर्वसाधारण बांधणी मंद करतें. पण त्याच वेळीं एक विशेष नियामक प्रथिन मात्र वाढूं देतें. हा नियामक, उणें पडलेलें आम्ल घरीं तयार करण्याचीं आणि बाहेरून ओढून आणण्याचीं साधनें वाढवितो. ही झाली बचावाची तजवीज. परंतु संकट लांबलें तर याच वाटेनें पुढें पेशीला मृत्यूकडे झुकविणारीं प्रथिनेंहि तयार होऊं लागतात. बचावाची आणि मृत्यूची वाट आरंभीं एकच असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

टॉर गप्प झाल्यावर पेशी काय करते? ती स्वतःचेच जुने, झिजलेले, अनावश्यक भाग पातळ पडद्याच्या पिशव्यांत गुंडाळते आणि लायसोसोम नांवाच्या पाचक कोठड्यांकडे पाठविते. तेथें त्यांचें पचन होऊन अमिनो आम्लें मोकळीं होतात व पुन्हां उपयोगांत येतात. दुष्काळांत घरांतील जुनीं भांडीं मोडून धान्य आणावें, तसाच हा प्रकार. लायसोसोमचा शोध लावणारे बेल्जियमचे क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनीं १९६३ सालीं या क्रियेला ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, हें नांव दिलें. पुढें जपानांत योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टच्या उपाशी पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतांना अशा पिशव्या जमलेल्या पाहिल्या, आणि १९९३ मध्यें ही क्रिया चालविणाऱ्या १५ जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. २०१६ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना याच कामाबद्दल मिळालें.

ही तजवीज किती जीवनावश्यक आहे हें २००४ सालीं जपानांतच उंदरांवर झालेल्या एका प्रयोगानें दिसून आलें. पिल्लूं जन्मतें त्या क्षणीं नाळेवाटे येणारें पोषण तुटतें, आणि आईचें दूध मिळेपर्यंत त्याच्या प्रत्येक पेशीवर अल्पकाळची उपासमार ओढवते. या कांहीं तासांत पिल्लांच्या शरीरांत स्वभक्षणाला एकदम जोर चढतो. ज्या पिल्लांत यासाठीं लागणारें एक जनुक नव्हतें, तीं जन्मतां जवळजवळ धडधाकट दिसत. पण त्यांच्या रक्तांतील अमिनो आम्लें घटलीं आणि तीं एका दिवसाच्या आंत मरण पावलीं. पहिल्या दुधापर्यंतचे ते थोडे तास जुन्या भांड्यांच्या मोडीवर निभावतात, तेंच त्यांना साधलें नाहीं.

आतां मृत्यूकडे वळूं. भाजणें, चिरडणें, विष यांनीं पेशी मरते तेव्हां ती फुगून फुटते, आंतील द्रव्यें बाहेर सांडतात आणि आजूबाजूला दाह होतो. हा झाला अपघाती मृत्यु. परंतु १९७२ सालीं केर, वायली आणि करी या तीन संशोधकांनीं दुसऱ्या एका प्रकारच्या मृत्यूचें वर्णन केलें. यांत पेशी आकसते, तिच्या केंद्राचे व्यवस्थित तुकडे होतात, अखेर तिच्या पडद्यांत गुंडाळलेल्या लहान लहान पुड्या बनतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. दाह नाहीं, सांडलवंड नाहीं. झाडाचीं पानें गळावीं तशी ही गळ म्हणून त्यांनीं ग्रीक भाषेंतून त्याला ‘अपॉप्टोसिस’ हें नांव घेतलें. आपण त्याला नियोजित पेशीमृत्यु म्हणूं. आपल्या शरीरांत रोज अब्जावधि पेशी या मार्गानें जातात, आणि त्या जातात म्हणूनच शरीराचा आकार व आरोग्य टिकतें. एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक कृमीच्या घडणींत शरीराच्या १,०९० पेशी जन्मतात आणि त्यांतील नेमक्या १३१ ठरलेल्या वेळीं मरतात, हें मोजून दाखविणाऱ्या व त्यामागील जनुकें शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

या मृत्यूची यंत्रणा प्रत्येक पेशींत आधींपासूनच बसविलेली असते. पेशींत मायटोकाँड्रिया नांवाच्या शक्ति पुरविणाऱ्या भट्ट्या असतात. मरणाचा निर्णय झाला कीं त्यांच्या बाहेरच्या आवरणाला भोंकें पडतात आणि सायटोक्रोम-सी नांवाचें एक प्रथिन बाहेर येतें. भट्टींत असतांना तें श्वसनाचें काम करतें. बाहेर आलें कीं तेंच मृत्यूचा निरोप होतें. त्यानें ‘कॅस्पेस’ नांवाचीं कातरणारीं प्रथिनें जागीं होतात आणि पेशीचे आंतले आधार एकामागून एक कापून काढतात. यंत्रणा अशी सदैव सज्ज असल्यामुळें खरा प्रश्न हा उरतो कीं, उपाशी पेशींत तिला आवरून धरणारें काय, आणि मोकळी सोडणारें काय?

या प्रश्नाकडे जाण्याचा पाया अमेरिकेंतील हॅरी ईगल यांनीं १९५५ मध्यें घातला. प्राण्यांच्या पेशी कांचेच्या भांड्यांत वाढवावयाच्या तर त्यांना कमींत कमी काय काय द्यावें लागतें, हें त्यांनीं एकेक पदार्थ वगळून पाहिलें. तेव्हां अमिनो आम्लांपैकीं १३ अपरिहार्य ठरलीं. या तेरांत ॲस्परॅजीन नव्हतें, कारण बहुतेक पेशी तें स्वतः बनवितात. पण ग्लुटामीन नांवाचें त्याच्या जवळच्या नात्यांतलें आम्ल मात्र होतें. ग्लुटामीन पेशीच्या अनेक उपयोगाचें आहे. तें इंधन म्हणून जळतें, इतर आम्लें बनविण्यास नायट्रोजन पुरवितें, आणि ॲस्परॅजीन तयार करावयाचें तर तेंहि ग्लुटामीनवांचून होत नाहीं.

पुढें २०१४ सालीं न्यूयॉर्क येथें क्रेग थॉम्सन यांच्या प्रयोगशाळेंत कर्करोगाच्या कांहीं पेशींना ग्लुटामीनवांचून ठेवण्यांत आलें. अपेक्षेप्रमाणें त्या नियोजित मृत्यूच्या मार्गाला लागल्या. मग त्यांना फक्त ॲस्परॅजीन देण्यांत आलें, आणि मृत्यु टळला. यांतील विशेष हा कीं, ॲस्परॅजीन मिळाल्यानें ग्लुटामीनची इतर उणीव भरून निघाली नव्हती. इंधन कमी होतें, दुसरीं आम्लें कमीच होतीं. म्हणजे गरिबी होती तशीच होती. तरीहि पेशींनीं मरणाचा बेत आवरला. या पेशींत ॲस्परॅजीन सर्वांच्या शेवटीं, इतर आम्लांच्या जिवावर तयार होतें; तेव्हां तें शिल्लक आहे यावरून बाकीचा संसार अजून चालूं शकेल असें पेशी समजत असावी, असा तर्क यावरून करण्यांत आला. अडचणींतल्या कुटुंबांत देवघरांतला दिवा तेवत आहे तोंवर घर उभें आहे असें शेजारी समजतात, त्यांतलाच हा प्रकार.

श्रोतेहो, याच ॲस्परॅजीनची दुसरी हकीकत याहून जुनी आहे, आणि ती प्रयोगशाळेंतून निघून रोग्याच्या खाटेपर्यंत येते. १९५३ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन किड हे उंदरांतील लिंफोमा नांवाच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. प्रयोगासाठीं ते उंदरांना गिनी पिग या प्राण्याचें सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर रस, टोंचीत असत. त्यांना असें दिसलें कीं, हें सीरम दिलेल्या उंदरांच्या गांठी विरघळून गेल्या. घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमनें असें कांहीं होईना. गिनी पिगच्याच रक्तांत असें काय होतें? या प्रश्नाला उत्तर मिळावयास आठ वर्षें लागलीं. वस्तुतः उत्तराचें अर्धें माप फार पूर्वींच ग्रंथांतरीं पडून होतें. क्लेमेंती नांवाच्या संशोधकानें १९२२ मध्येंच गिनी पिगच्या रक्तांत ॲस्परॅजिनेज नांवाचें एक एन्झाइम असतें हें दाखविलें होतें. हें एन्झाइम ॲस्परॅजीनचे तुकडे करतें. १९६१ सालीं जॉन ब्रूम यांनीं दोन टोकें जुळविलीं आणि सिद्ध केलें कीं, सीरमचा गुण तो या एन्झाइमचाच गुण. ज्या पेशी ॲस्परॅजीनवांचून वाढण्यास संवयीनें शिकल्या होत्या, त्यांवर सीरमचा परिणाम होत नाहीं, हेंहि त्यांनीं दाखविलें.

अर्थ स्पष्ट होता. निरोगी पेशी आपलें ॲस्परॅजीन आपण बनवितात. बाहेरचा पुरवठा तुटला तरी त्यांचें चालतें. या विशिष्ट कर्करोगपेशींना तें पुरेसें बनवितां येत नाहीं. त्या रक्तांतून येणाऱ्या ॲस्परॅजीनवर जगतात. रक्तांतलेंच ॲस्परॅजीन नाहींसें केलें, तर उपासमार त्यांच्याच वांट्याला येते. त्यांचे हमाल रिकामे फिरतात, प्रथिनांची बांधणी थांबते, वाढ अडते, आणि अखेर कॅस्पेस जागीं होऊन त्या नियोजित मृत्यूनें जातात. मात्र रोग्यांना पुरेल इतकें एन्झाइम गिनी पिगांपासून मिळणें अशक्य होतें. १९६४ सालीं मॅशबर्न व रिस्टन यांनीं आंतड्यांतील एका साध्या जंतूपासून मिळणारें ॲस्परॅजिनेजहि तेंच काम करतें असें दाखविलें, आणि ही अडचण दूर झाली. १९७८ मध्यें अमेरिकेंत या औषधाला रीतसर मान्यता मिळाली.

हें औषध ज्या रोगावर मुख्यतः दिलें जातें, तो लहान मुलांत सर्वांत अधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, होय. १९६० च्या सुमारास हा रोग म्हणजे बहुधा मृत्यूचीच सूचना असे. आज संपन्न देशांत या रोगाचीं शंभरांतलीं सुमारें नव्वद मुलें बरीं होतात. हें यश एकट्या ॲस्परॅजिनेजचें नव्हे. अनेक औषधें ठराविक क्रमानें दिल्यानें तें मिळालें आहे. पण त्या क्रमांत या एन्झाइमचें स्थान पक्कें आहे. आपल्याकडेहि १९८४ पासून मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व मद्रासची कर्करोग संस्था या तीन ठिकाणीं अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या साह्यानें एकच उपचारक्रम सुरूं झाला. त्यांत ॲस्परॅजिनेज होतें. त्यापूर्वीं या देशांत अशीं शंभरांत सुमारें वीस किंवा त्याहूनहि कमी मुलें बरीं होत. या क्रमानंतर तें प्रमाण चाळीस ते साठच्या घरांत गेलें.

अर्थात् हें औषध निर्दोष नाहीं. जंतूपासून मिळालेलें प्रथिन असल्यामुळें कित्येकांचें शरीर त्याविरुद्ध खवळतें. स्वादुपिंडाला सूज येऊं शकते. रक्त गोठण्याच्या क्रियेंत बिघाड होतो. शिवाय कांहीं कर्करोगपेशी ॲस्परॅजीन घरींच बनविण्यास शिकतात, कांहींना अस्थिमज्जेंतील शेजारच्या पेशी तें पुरवितात, आणि कांहीं स्वभक्षण करून दिवस काढतात. वाचण्याच्या ज्या युक्त्या नवजात पिल्लाला जगवितात, त्याच कर्करोगपेशीलाहि जगवितात. म्हणूनच हें औषध इस्पितळांतच, जाणत्या देखरेखीखालीं आणि इतर औषधांच्या जोडीनें द्यावें लागतें.

आतां ज्या गैरसमजाचा मीं आरंभीं उल्लेख केला, त्याविषयीं. ‘अन्नावर कर्करोग पोसतो; तेव्हां रोग्याचें अन्न तोडा, म्हणजे रोग उपाशी मरेल,’ असा उपदेश पुष्कळांच्या तोंडून ऐकूं येतो. ओसुमींच्या पारितोषिकानंतर तर उपवासाला नोबेलचा आधार मिळाला असेंहि सांगण्यांत येऊं लागलें. कोणी दूध बंद करतो, कोणी डाळ, कोणी पोराला नुसत्या फळांच्या रसावर ठेवतो. हेतु चांगला असतो. हिशेब मात्र चुकतो. रोग्याचें ताट काढून घेतल्यानें त्याच्या रक्तांतील अमिनो आम्लें संपत नाहींत. तीं कमी पडूं लागलीं कीं शरीर आपले स्नायु मोडून तीं रक्तांत सोडतें. ॲस्परॅजीन तर यकृतासारखे अवयव स्वतःच तयार करतात. म्हणजे उपाशी राहतो तो रोगी, झडतात ते त्याचे स्नायु, आणि त्या मोडींतून रोगाच्या पेशीला पुरवठा चालूंच राहतो. एन्झाइम घरोघर चालणारा पुरवठा रस्त्यांतच नाहींसा करतें. रिकाम्या ताटाला तें साधत नाहीं.

२०१८ मध्यें उंदरांवरील एका प्रयोगांत, आहारांतील ॲस्परॅजीन कमी केल्यानें स्तनांच्या कर्करोगाचा शरीरांत इतरत्र होणारा फैलाव घटल्याचें आढळलें, हें खरें आहे. परंतु त्या प्रयोगांत मूळची गांठ कमी झाली नव्हती, आणि उंदरांसाठीं मोजूनमापून बनविलेला आहार म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतील अंदाज नव्हे. निरोगी माणसानें एकादशी करावी कीं न करावी हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा व प्रकृतीचा प्रश्न आहे. परंतु ज्या मुलाला तीव्र औषधें चालूं आहेत, त्याला तीं सोसण्यासाठीं आणि औषधानें मारलेल्या निरोगी पेशींच्या जागीं नव्या पेशी घडविण्यासाठीं त्याच अमिनो आम्लांची गरज असते. कुपोषित मुलाला औषधांचा त्रास अधिक होतो आणि त्याचा उपचार अर्धवट राहण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्यांच्या घरीं असा प्रसंग असेल त्यांनीं रोग्याच्या आहारांतून एकहि पदार्थ वैद्यांना विचारल्यावांचून कमी करूं नये.

शतावरीच्या बहिणीच्या रसांतून निघालेल्या एका आम्लाची ही हकीकत १८०६ पासून आजवर चालत आली आहे. तें शोधून काढणाऱ्यांना पेशीचा मृत्यु ठाऊक नव्हता. क्लेमेंतीला मुलांचा ल्युकेमिया डोळ्यांपुढें नव्हता. किड यांना आपल्या हातून काय घडलें तें त्या वेळीं उमगलें नव्हतें. प्रत्येकानें आपल्यापुढील गोष्ट नीट पाहिली आणि लिहून ठेवली. त्या नोंदी जुळल्या तेव्हां पेशीची उपासमार नेमकी कोठें आणि कोणावर योजावयाची, एवढें वैद्यकाला कळलें. आपल्या घरांत रोगी असेल तर उपासमारीचें हें काम त्या नेमक्या औषधाकडे सोंपवावें, आणि रोग्याच्या पानांत मात्र त्याला रुचेल व पचेल तें अन्न पोटभर वाढावें.